बाईसाठी हिरवं लुगडं

१८ जानेवारी २०२६, रविवार
चिंचवड

बाई,

लिहायला फार उशीर केला, माफ कर. तुझा कुलदीप तेव्हा रांगत होता. आता त्याच्या डोक्यावर केस नाहीत, असं रागिणीने फोनमधल्या फोटोत दाखवलं. एवढा उशीर. पत्ता मला पाठ होता, पण थोरल्या बहिणीला 'बाईस नमस्कार' याच्या पुढे कधी शब्द सुचला नाही.

रागिणी म्हणजे माझी नात, गोपालची मुलगी. कॉलेजात आहे. तिने मला ही डायरी दिली आणि म्हणाली, "आजोबा, रोज लिहा. आपल्या घराचा इतिहास तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही." आता इतिहास कुणाला उद्देशून लिहायचा? माझी सातवी झालेली. मला समोर माणूस लागतं. म्हणून तुला लिहितो आहे. भेटलो की ही वही तुझ्याच हातात देईन.

कारण आम्ही येतो आहोत, बाई. या पोरीने फोनवरून कुलदीपला शोधलं, मग त्याच्या बायकोशी, भावनाशी, बोलली. भावना म्हणाली, "मामाजीले घेऊन या. पण लवकर या हो." सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे. गोपालने लगेच तिकिटं काढली. आधी अमरावती, मग अकोला. रागिणीला सगळं बघायचं आहे, आपल्या खुणा.

मला फक्त तू दिसलीस की झालं. आणि तुझ्या हातात माझ्या हाताने एक लुगडं द्यायचं आहे. तेवढंच काम आहे माझं.

पण ते 'लवकर या' मला आवडलेलं नाही. लवकर कशाला? आपल्या घराने एकदा घाई केली, तेवढी पुरे झाली. गोपालला विचारलं तर म्हणाला, "बाबा, म्हातारी माणसं आहेत, आठवण येते, म्हणून म्हणाली." मागच्या वर्षी माझी बायपास झाल्यापासून हा पोरगा माझ्याशी हळू आवाजात बोलतो. त्याने मला जास्तच धडधडतं.


२१ जानेवारी, बुधवार

आज सीमाबरोबर दुकानात गेलो. सीमा म्हणजे सून. नऊवारी म्हटल्यावर दुकानदाराने आधी नाक मुरडलं, मग मागून गठ्ठा आणला. सगळ्यात वर दुधाळ रंगाचं होतं, जरीच्या काठाचं. मी हात मागे घेतला.

"बाबा, चटका बसल्यासारखं काय करता?" सीमा म्हणाली.

"ते आत ठेवायला सांग. माझ्या डोळ्यांसमोर नको."

बाहेर उसाचा रस प्यायला बसलो तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिला अर्धं माहीत होतं, गोपालने सांगितलेलं. पण त्यालाही नीट माहीत नाही, तो तीन वर्षांचा होता. इथे लिहून ठेवतो. तुला माहीतच आहे, पण रागिणीसाठी.

चौऱ्याऐंशी सालचा पावसाळा. दर्यापूरहून अकोल्याला येणारी बस उलटली. माणसं गेली. बसमध्ये भाऊजींची पिशवी सापडली, त्यात त्यांचं धोतर, त्यांच्या नावाची चिठ्ठी. गावात बातमी आली की पुंजाजीराव गेले, आपल्या गोदाचं कुंकू गेलं. आईने अंगणातच बसकण मारली. आबा मात्र उठले आणि पेठेत गेले. परत आले ते पांढरं लुगडं घेऊन.

आई रडता रडता म्हणाली, "अवो, हे आता कावून? माहेरचं लुगडं तेरवीले नेत असतात."

"तेरवीले पुरातली नदी उतरू देईन का? आता जाऊनच राहिलो तर नेऊन ठेवू," आबा म्हणाले. असा आपल्या बापाचा स्वभाव. काळजी वाटली की आधी काहीतरी करून मोकळं व्हायचं. पिशवी मी धरली होती.

तुझ्या दारात पोचलो तर भाऊजी ओसरीवर चहा पीत बसलेले. बस वाटेत थांबली तेव्हा ते चिवडा घ्यायला उतरले आणि बस त्यांना टाकून गेली. चिवड्याने माणूस वाचला. आबांनी त्यांना मिठी मारली. चहा सांडला. सगळे रडत होते, हसत होते. त्यात तुझी सासू पार्बताबाई पुढे आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "पायू दे, व्याह्यानं लेकीसाठी काय आणलं!" आणि सगळ्यांसमोर उघडली.

पार्बताबाईने ते पांढरं दोन बोटांत धरून वर केलं. "माहा पोरगा जित्ता बसला हाय इथं. तुमी त्याच्या नावाचं पांढरं घेऊन आले? वाटच पाहून राहिले होते का?"

तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. तू लुगड्याकडे पाहिलंस, भाऊजींच्या हातातल्या कपाकडे पाहिलंस. मग आबांना म्हणालीस, "ते उचला अन् जा, आबा. पुन्हा या उंबरठ्यावर येऊ नोका." माझ्याकडे तू पाहिलंही नाहीस.

आबा गेले तेव्हा तू आली नाहीस. आई गेली तेव्हाही नाही. मी तुला दोष देत नाही. नवऱ्यासमोर तू दुसरं काय बोलणार होतीस?

सीमाने रसाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, आपण हिरवं घेऊ. गर्द हिरवं." घेतलं. लाल काठ, आत ब्लाउजपीस. भाऊजी आहेत, त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचे असतील, चालते-फिरते आहेत म्हणे. म्हणजे तुला हिरवंच शोभतं. यात कुणाला काही बोलायला जागा नाही. तरी घरी आल्यावर मी ते उलगडून पाहिलं. कुठे पांढरा धागा दिसतो का ते पाहिलं.


२३ जानेवारी, शुक्रवार

गाडीत बसलो आहे. लुगडं उशाला घेतलं आहे, बॅगेत नाही. बॅगा चोरीला जातात.

सीमा आणि गोपाल दाराशी उभं राहून काहीतरी बोलत होते. मी गेलो तसे गप्प झाले. मी विचारलं, काय झालं. गोपाल म्हणाला, "काही नाही, चहावाला कुठे चढतो ते बघत होतो."


२४ जानेवारी, शनिवार
अमरावती

सकाळी अकोला आलं. गाडी या वाटेनेच जाते, अकोल्यावरून बडनेरा आणि मग अमरावती. मी खिडकीशीच होतो. फलाटावर कुणी कचोरी विकत होतं. तू तिथून कोसभरावर असशील.

गोपाल एकदम म्हणाला, "बाबा, इथेच उतरायचं का? आधी आत्याकडे जाऊ. अमरावती उद्या बघू."

सीमाने तर बॅगेला हात घातला होता. रागिणी माझ्याकडे बघत होती.

मी नाही म्हटलं. मी ठरवलं होतं, आधी अंबादेवी. लुगडं देवीच्या पायाला लावायचं आणि मगच तुझ्या दारात न्यायचं. मागच्या वेळेस पेठेतून थेट तुझ्या घरी नेलं, त्याचं काय झालं ते पाहिलं. शिवाय उद्या रविवार, कुलदीपलाही सुट्टी. आज अचानक दारात उभं राहायचं म्हणजे पुन्हा तीच घाई.

"बाबा, खरंच उतरू या," गोपाल म्हणाला. हॉटेलचं आगाऊ भाडं भरलेलं होतं, तरी असं म्हणाला.

"एका दिवसाने काय फरक पडतो रे?" मी म्हटलं. गाडी हलली. गोपाल बसला आणि फोन काढून बघत राहिला.

अंबादेवीत गर्दी होती. पुजाऱ्याने लुगडं देवीच्या पायाशी ठेवलं, त्यावर हळदीकुंकू टाकलं. काठावर कुंकवाचा थोडा डाग पडला. मी घाबरलो, पण पुजारी म्हणाला, "बाबाजी, हे तं चांगलं झालं. देवीनं हात लावला." मग बरं वाटलं. एकवीरेलाही जाऊन आलो. तुझं नाव घेऊन ओटी भरली.

बाई, अमरावती आता ओळखू येत नाही. राजकमल चौकात उड्डाणपूल, दुकानांची नावं वाचता वाचता मान दुखते. पण गिला वडा तसाच आहे. रागिणीने दोन खाल्ले आणि तिखटाने नाक पुसत म्हणाली, "हे तुम्ही लहानपणी खायचात?" मी म्हटलं, तुझी आत्याआजी स्वतःचा अर्धा मला द्यायची आणि घरी सांगायची की मी पूर्ण खाल्ला.

मग जवाहर गेट पाहायला गेलो. रागिणीला तिथे मी माझा आणि तुझा इतिहास सांगितला. आबा सरकी विकायला आले होते आणि आपण दोघं बरोबर. तू मला त्या दरवाजाच्या कमानीखाली उभं केलंस आणि म्हणालीस, "मी आबाले पाहून येतो. तू जागा सोडू नको." मी घाबरून जागा सोडली. कुठल्यातरी गल्लीत रडत उभा होतो. तू सापडल्यावर आधी एक थापड दिलीस, मग पदराने नाक पुसलंस. "तुले सांगतलं होतं ना, जागा सोडू नको म्हणून? मी येणार नसती का?"

रागिणीने मला त्याच कमानीखाली उभं करून फोटो काढला. "हलू नका," म्हणाली. मी म्हटलं, आता नाही हलत.

छत्री तलावावर मुलं बदकांना पोळी टाकत होती. सीमा एका कठड्यावर बसून फोनवर बोलत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "भावना होती. उद्या सकाळी निघा म्हणते." तिचे डोळे लाल होते. तलावावर वारा सुटला होता.


२५ जानेवारी, रविवार
अमरावती

सकाळपासून सगळं वेगळंच. मी अंघोळ करून टोपी घालून बसलो होतो. गोपालचा फोन वाजला आणि तो व्हरांड्यात गेला. दाराच्या फटीतून ऐकू आलं. "हो. हो, आम्ही निघतोच. आम्ही येईपर्यंत थांबा. साडी आहे आमच्याकडे." मी मनात म्हटलं, जेवणाला थांबवतोय वाटतं. कशाला? म्हाताऱ्या माणसांना वेळेवर जेवू द्यावं.

आत आला तर त्याचा चेहरा पांढराफटक. सीमाला नुसतं "चल," म्हणाला. तिने टेबलावरचा चहा तसाच ठेवला.

गाडी भाड्याने घेतली. वाटेत तूर कापून ढीग लावलेले, हरभरा हिरवागार. मूर्तिजापूरला मी रागिणीला शकुंतला या छोट्या रेल्वेचे रूळ दाखवले. आबा त्या गाडीने अचलपूरला जायचे, आणि ती इतकी हळू चालायची की ते उतरून बोरं वेचून परत चढायचे, असं सांगितलं. एरवी ही पोरगी खळखळून हसते. आज "हो का आजोबा" म्हणाली आणि माझा हात धरून बसली.

अकोल्याला पोचलो. जुन्या शहरात गाडी आत जात नाही, म्हणून गोपालने ती किल्ल्यापाशी थांबवली. मी म्हटलं, आधी राजराजेश्वराचं दर्शन घेऊ, इथेच तर आहे.

सीमा एकदम म्हणाली, "नको बाबा. आज नको देवळात."

"का?"

"आज नको."

मी जास्त विचारलं नाही. बायकांच्या काही गोष्टी असतात. पण मग मला एकट्याला जायलाही ती नको म्हणाली, हे काही मला समजलं नाही.

गोपाल म्हणाला, "बाबा, आत्याला बरं नाही. दोन दिवसांपासून जास्त आहे. घरात गर्दी आहे. मी आणि रागिणी आधी जाऊन येतो. तुम्ही सीमाबरोबर किल्ल्यावर बसा, तिथे सावली आहे. जागा सोडू नका. आणि ती साडी द्या."

"साडी मी देणार. माझ्या हाताने देणार. त्यासाठी तर आलो."

"बाबा, द्या. ते वाट बघताहेत."

"कशाची?"

"साडीची."

बाई, खरं सांगतो, ते ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. आपल्या घरच्या लुगड्याची त्या घरात वाट बघताहेत! जिथून ते एकदा उचलून नेलं होतं तिथे! मी पिशवी लगेच दिली. वर म्हटलं, "पळ. उभा काय राहिलास?" गोपालने ती दोन्ही हातांनी घेतली. तो इतका का रडवेला झाला कोण जाणे.

किल्ल्यावर बसलो. खाली मोर्णा, पाणी कमी आणि जलपर्णी फार. पलीकडे घरंच घरं. तुझं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न करत होतो. सीमाने पाणी दिलं, गोळी दिली, केळं दिलं. मी बोलत होतो आणि ती हो हो म्हणत होती. एकदा म्हणालो, "आता ती नेसून बघत असेल." तर ती उठून लांब भिंतीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

पोरं खूप उशिरा आली. उन्हं उतरली होती. गोपालचे केस ओले आणि अंगात दुसराच शर्ट. म्हणाला, "ऊन लागलं, नळाखाली डोकं धरलं." जानेवारीत ऊन? असेल, अकोला आहे.

"घेतलं का तिने?"

"घेतलं."

"नेसली?"

"भावनावहिनींनी नेसवली."

रागिणीचा चेहरा सुजला होता. मी विचारलं, "तुला काय झालं?" ती म्हणाली, "आत्याआजीला पाहिलं म्हणून." मग माझ्या शेजारी बसून म्हणाली, "आजोबा, फार छान दिसत होती. हिरवा रंग फार छान दिसत होता. हातभर हिरव्या बांगड्या, मोठं कुंकू. सगळ्या बायका पाया पडत होत्या तिच्या."

तुला मोठं कुंकू पहिल्यापासून आवडतं. आई रागवायची. आणि मान तर मिळणारच, घरातली थोरली तू.

"मग आता मी जातो," म्हणून मी उठलो.

गोपालने मला खांद्याला धरून बसवलं. "आज नाही बाबा. डॉक्टरांनी भेटू देऊ नका म्हटलंय. तुम्हालाही झेपणार नाही. पुण्याला गेल्यावर निवांत बोलू."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. सीमाने चुकवली. आणि मग मला सगळं कळलं.

बाई, माझी सातवी झालेली असली तरी मी मूर्ख नाही. लुगडं घेतलंस, पण मला उंबरठ्यावर येऊ नको म्हणालीस. हेच ना? म्हणून ही पोरं रडताहेत. म्हातारा दुखावेल म्हणून सांगत नाहीत, आजारपणाचं नाव पुढे करतात. रागिणी बिचारी गोड गोड सांगत होती. दारात त्यांचा काय अपमान झाला असेल, देव जाणे.

गोपालने पिशवी परत दिली. आत ब्लाउजपीस तसाच होता. "हा राहिला," म्हणाला. नऊवारीवर चोळी लागतेच. हा परत का पाठवलास? अर्धं घेतलं, अर्धं नाही, असं का?

मी खिडकीकडे तोंड करून बसलो.


२६ जानेवारी, सोमवार

हॉटेलसमोर शाळा आहे. सकाळी झेंडा झाला, मुलांनी गाणी म्हटली. रागिणीने मला खुर्ची आणून दिली. ती खाली गेली नाही.

मी म्हटलं, गाडी संध्याकाळी आहे, तोवर पुन्हा देवीला जाऊन येऊ. सीमा म्हणाली, "देवळात तीन दिवस नको, बाबा," आणि लगेच म्हणाली, "म्हणजे मला." डब्यातला पेढा पुढे केला तर तोही कुणी घेतला नाही.

दुपारी मीच हट्ट धरला की भाऊजींना फोन लावा. काय व्हायचं ते होऊ दे, एकदा माफी मागतो आबांच्या वतीने. गोपाल नको नको म्हणत होता. रागिणीने लावून दिला. ती म्हणाली, "बाबा, त्यांना बोलू द्या ना."

भाऊजींचा आवाज फार खोल गेला आहे.

"कोण? खुशाल का रे?"

"हो भाऊजी. नमस्कार करतो."

"जित्ता हायेस."

"हो. तुम्ही?"

"मी बी जित्ताच हावो." "तुह्या बापानं मले मारून टाकलं होतं. आठोते का?"

"भाऊजी, त्याचीच माफी..."

"कायची माफी? चाळीस वर्सं जास्तीची जगलो ना बाप्पा." ते हसल्यासारखे झाले, पण हसू नव्हतं. "लुगडं पोचलं तुह्यावालं. हिरवं. तुही बहीण म्हणे, 'मायं माहेरचं आल्याबिगर मले नेऊ नोका.' या खेपेले टायमावर आणलं तुमच्या घरानं."

इतक्या वर्षांनी टोमणा आठवणीत ठेवला आहे माणसाने. आणि तुला न्यायचं कुठे? दवाखान्यात असेल. माहेरचं आल्याशिवाय दवाखान्यात जात नव्हतीस? हे वय आहे का असा हट्ट करायचं?

"बाईला देता का फोन?" मी विचारलं.

"झोपली ते."

"उठल्यावर सांगाल का, खुशालचा फोन होता म्हणून?"

पलीकडून भांडं पडल्यासारखा आवाज आणि भावनाचं बोलणं, "मामाजी, तब्येतीले जपा हो तुमी. मी रागिणीशी बोलतो." फोन कट झाला.

रागिणी माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली. मी म्हटलं, "अगं, चांगलंच बोलले ते. तू का रडतेस?" पण मलाही काही बरं वाटत नव्हतं. 'या खेपेले टायमावर.' ते वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा फिरवून पाहतो आहे. एका बाजूने बघितलं तर टोमणा. दुसऱ्या बाजूने बघितलं तर त्यांनी माफ केलं. तिसरी बाजू मी बघत नाही.

संध्याकाळी गाडी पुन्हा अकोल्याला थांबली. या वेळेस गोपालने काही विचारलं नाही. मी म्हटलं, "उतरायचं का रे?" तो म्हणाला, "आता नको बाबा." मी कपाळ खिडकीच्या गजाला लावलं. फलाटावरचे लोक हिरवेपिवळे दिसत होते. शनिवारी उतरलो असतो तर तू कदाचित भेटली असतीस. शनिवारी तू अजून विचार केला नसतास. रविवारपर्यंत तुला राग आठवायला वेळ मिळाला. मीच दिला तो.


२९ जानेवारी, गुरुवार
चिंचवड

लिहायला काही नाही. गोपाल रोज ऑफिसमधून आल्यावर माझ्याजवळ बसतो, तोंड उघडतो, मग म्हणतो, "बाबा, गोळी घेतली?" डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली. बाहेर त्या दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं.

ब्लाउजपीस मी उशीखाली ठेवला आहे. रागिणीने मागितला. म्हटलं, नाही, तो बाईचा आहे.


५ फेब्रुवारी, गुरुवार

बाई,

गोपाल आज रात्रीच्या गाडीने अकोल्याला निघतो आहे. म्हणतो, ऑफिसचं काम आहे. अकोल्यात याच्या ऑफिसचं काम कधीपासून निघालं? पण मी विचारलं नाही. सीमाने त्याच्या बॅगेत पांढरा शर्ट ठेवला, भाऊजींसाठी धोतरजोडी आणि टोपी ठेवली. मी पाहिलं तशी ती चपापली. मी म्हटलं, "ठेव, ठेव. पाहुण्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये." आणि आत येऊन बसलो. माझे पाय गार पडले होते. मग बरे झाले.

मी त्याच्याजवळ ही वही देणार आहे आणि ब्लाउजपीसही. तो म्हणाला, "बाबा, वही कशाला?" मी म्हटलं, "बाईच्या हातात दे. तिला वाचता येत नसलं आता, तर भावनाला वाचून दाखवायला सांग. ती जिथे असेल तिथे तिच्याजवळ बसून वाचून दाखवा." त्याने वहीवरून हात फिरवला. मग खाली वाकून माझ्या पाया पडला. बाहेरगावी निघताना पडतोच, पण आज उठायला वेळ लावला.

ब्लाउजपीस शिवून घे. हिरव्यावर दुसरी चोळी शोभायची नाही. काठावर देवीच्या कुंकवाचा डाग आहे, तो धुऊ नकोस.

आणि बाई, किल्ल्यावर गोपालने मला बस म्हटलं तिथेच मी बसलो होतो. उन्हं उतरेपर्यंत. सीमा उठली, मी उठलो नाही. लहानपणी जे चुकलं ते या वेळेस नाही चुकलं. मी जागा सोडली नाही. तू आली नाहीस, ती गोष्ट वेगळी.

राग असेल तर राग कळव. लुगडं आवडलं नसेल तर तसं कळव. दोन शब्द कुलदीपकडून, भावनाकडून, कुणाकडूनही. गोपाल परत येईल तेव्हा मी दारातच खुर्ची टाकून बसेन. त्याच्याबरोबर काहीतरी निरोप पाठव, बाई. फार दिवस लावू नकोस.

तुझा
खुशाल